विश्लेषण : कृष्णद्रव्याचा कण इटलीत सापडला, मग तो इतरांना का दिसत नाही?

इटलीतील एका डोंगराखालच्या प्रयोगशाळेत एक आकडा दरवर्षी जूनच्या सुमारास किंचित वाढतो आणि डिसेंबरच्या सुमारास तितकाच घटतो. दोन दशकांहून अधिक काळ हे असेच नोंदले गेले. हा कृष्णद्रव्याचा थेट पुरावा आहे, असे तिथले शास्त्रज्ञ ठामपणे सांगतात. जगातील इतर प्रयोगांना मात्र तसे काहीच दिसलेले नाही. स्पेन आणि दक्षिण कोरियातील प्रयोगांचे अलीकडचे निष्कर्ष या वादाला शेवटाकडे नेणारे आहेत. आकडे दोन्ही बाजूंचे खरे असतील, तर मेळ कसा घालायचा?

कृष्णद्रव्य म्हणजे काय? ते शोधतात कसे?

दीर्घिकांमधील तारे ज्या वेगाने फिरतात, तो वेग दिसणाऱ्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाला पेलणारा नाही. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये दीर्घिकांच्या एका समूहाबाबत हे दाखवले. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांच्या निरीक्षणांनी त्याला बळ मिळाले. विश्वातील एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य प्रकाश देत नाही, अडवत नाही आणि परावर्तितही करत नाही. हेच कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर.

ते कणांचे बनलेले असेल, तर ते कण आपल्या आजूबाजूलाही असणार. एका कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या शंभरपट धरले, तर लिटरभर पाण्याच्या बाटलीत कोणत्याही क्षणी असे साधारण तीन कण असावेत. सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने ते आरपार निघून जातात. क्वचित एखादा कण अणुकेंद्रकावर आपटला, तर केंद्रकाला धक्का बसेल आणि त्यातून किंचित प्रकाश, विद्युतभार किंवा उष्णता निर्माण होईल. तेवढी खूण टिपणे म्हणजे कृष्णद्रव्याचा थेट शोध.

अडचण अशी की, अशी खूण इतर शंभर गोष्टींमुळेही उमटते. आकाशातून येणारा म्यूऑन नावाचा कण आपल्या तळहातातून साधारण दर सेकंदाला एक या हिशेबाने जातो. दगडात युरेनियम आणि थोरियमचे अंश असतात, केळ्यात किरणोत्सारी पोटॅशियम असते. म्हणून हे प्रयोग डोंगराखाली किंवा खाणीत होतात. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा डोळ्यांसमोर आणा. इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळा अशाच, पण सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या महामार्ग बोगद्याला लागून, १,४०० मीटर खडकाखाली कोरलेली आहे. तिथे पोहोचणाऱ्या म्यूऑनची संख्या पृष्ठभागाच्या तुलनेत दहा लाख पटींनी कमी होते.

जूनमध्येच वाढ का अपेक्षित आहे?

सूर्य आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो. त्यामुळे कृष्णद्रव्याचा वारा सतत आपल्या समोरून येतो, असे म्हणता येईल. दुचाकी चालवताना हवा स्थिर असली तरी तोंडावर वारा लागतो, तसेच. पृथ्वी मात्र सूर्याभोवतीही सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. जूनच्या सुरुवातीला हा वेग सूर्याच्या वेगात अंशतः मिळतो, डिसेंबरमध्ये त्यातून वजा होतो. पृथ्वीची कक्षा तिरकी असल्याने हा फरक सुमारे १५ किलोमीटरचाच पडतो. तरीही धडकांची संख्या २ जूनच्या आसपास सर्वाधिक आणि सहा महिन्यांनी सर्वांत कमी असायला हवी. आंद्रेय ड्रुकियर, कॅथरिन फ्रीझ आणि डेव्हिड स्पर्गेल यांनी १९८६ मध्ये ही कल्पना मांडली.

‘डामा’चा दावा नेमका काय आहे?

ही कल्पना रिटा बेर्नाबेई यांच्या नेतृत्वाखालील ‘डामा’ गटाने ग्रान सासोत प्रत्यक्षात आणली. सोडियम आयोडाइडचे अतिशुद्ध स्फटिक, त्यांना धक्का बसला की चमकणारा क्षीण प्रकाश आणि तो टिपणाऱ्या प्रकाशनलिका अशी ही रचना. सुरुवातीला सुमारे १०० किलो स्फटिक होते. २००३ पासून ‘डामा-लिब्रा’ या सुमारे २५० किलोंच्या संचावर काम सुरू झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या गटाने वार्षिक चढउताराचा पहिला दावा केला. २०२१ पर्यंत अशी २२ वर्षचक्रे नोंदवून झाली होती.

चढउतार लहान आहे. दर शंभर नोंदींमागे साधारण एका नोंदीचा. पण तो पुन्हा पुन्हा दिसतो, त्याचा काळ एक वर्षाचा आहे आणि शिखर मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला येते. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता मोजण्यासाठी ‘सिग्मा’ हे माप वापरतात. पाच सिग्मा म्हणजे योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. नवा कण सापडला असे जाहीर करण्यासाठी भौतिकशास्त्रात ही पायरी पुरेशी मानतात. डामाचा आकडा १३ सिग्माच्या पुढे आहे. योगायोगाचा प्रश्न इथेच मिटतो.

मग हा पुरावा पुरेसा का नाही?

कारण सिग्मा ‘हे योगायोगाने घडलेले नाही’ एवढेच सांगतो. ‘हे कशामुळे घडले’ ते सांगत नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौका वर्षभर रोज मोजल्या, तर १ जूनला आकडा कोसळतो आणि १ ऑगस्टनंतर पुन्हा चढतो. वर्षानुवर्षे, ठरल्या तारखेला. या आकड्याचे सिग्मा काढले तर ते डामालाही मागे टाकतील. पण एवढ्यावरून जूनमध्ये समुद्रातले मासे नाहीसे होतात, असा निष्कर्ष कोणी काढला तर बंदरावरचे लोक हसतील. आकडा बदलतो तो पावसाळी मासेमारी बंदीमुळे. वर्षाचा ताल खरा, त्यावरून काढलेला अर्थ खोटा.

प्रयोगशाळेतही वर्षाच्या तालावर चालणाऱ्या गोष्टी कमी नसतात. तापमान, आर्द्रता, डोंगरात मुरणारे पाणी, खडकातून झिरपणारा रेडॉन वायू. म्यूऑनही ऋतूनुसार बदलतात. उन्हाळ्यात वरचे वातावरण तापून विरळ होते, त्यामुळे जास्त म्यूऑन तयार होतात. ग्रान सासोत त्यांचे शिखर जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला येते, म्हणजे डामाच्या शिखरानंतर सुमारे महिनाभराने. तारखा जुळत नाहीत आणि म्यूऑनची संख्याही अपुरी पडते, हे डामाचे उत्तर बहुतेकांना मान्य आहे. डामाने एकेक संशयित तपासून बाद केला. प्रश्न उरतो तो यादीत न आलेल्या संशयितांचा.

इतर प्रयोगांना काय दिसले?

२०१० च्या सुमारास काही काळ वारे डामाच्या बाजूने फिरल्यासारखे वाटत होते. अमेरिकेत मिनेसोटातील सूदान खाणीत ‘कोजेंट’ प्रयोगाच्या जर्मेनियमच्या छोट्या तुकड्यात कमी ऊर्जेच्या नोंदी अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्या. २०११ मध्ये त्यांत वार्षिक चढउताराची पुसट खूणही दिसली. त्याच वर्षी ग्रान सासोतीलच ‘क्रेस्ट’ प्रयोगाने ६७ संशयास्पद नोंदी जाहीर केल्या. २०१३ मध्ये ‘सीडीएमएस’च्या सिलिकॉन शोधकात तीन नोंदी मिळाल्या. सगळ्यांचा रोख एका हलक्या कणाकडे, प्रोटॉनच्या साधारण दहापट वस्तुमानाकडे होता.

नंतर एकेक खूण विरत गेली. कोजेंटच्या बऱ्याच नोंदी स्फटिकाच्या पृष्ठभागावरच्या घडामोडी असाव्यात, असे फेरविश्लेषणातून पुढे आले. क्रेस्टच्या बाबतीत संशयाची सुई स्फटिक धरून ठेवणाऱ्या धातूच्या चिमट्यांकडे वळली. चिमट्यांवरील किरणोत्सारी अंशांमुळे नोंदी होत असाव्यात, म्हणून रचना बदलली आणि २०१४ मध्ये तो अतिरेक पुन्हा दिसला नाही.

दुसरीकडे द्रवरूप झेनॉन वापरणारे प्रयोग मोठे होत गेले. इटलीत ‘झेनॉन १००’, मग ‘झेनॉन १टी’ आणि ‘झेनॉन एनटी’, अमेरिकेत ‘लक्स’ आणि ‘एलझी’, चीनमध्ये ‘पांडा-एक्स’. यांतील एलझीच्या गाभ्यात सात टन झेनॉन आहे. २०२४ मध्ये त्याने २८० दिवसांच्या नोंदी जाहीर केल्या. कृष्णद्रव्याचा मागमूस नाही. डामाचा चढउतार नेहमीच्या प्रकारच्या कणांमुळे असता, तर या टाक्यांमध्ये धडकांचा पाऊस पडायला हवा होता.

झेनॉन गटालाही चकवा बसला होता. २०२० मध्ये झेनॉन १टी प्रयोगात अंदाजे २३२ नोंदी अपेक्षित असताना २८५ सापडल्या. सूर्यातून येणारे अॅक्सिऑन कण की टँकमधला ट्रिटियमचा अंश, यावर ढीगभर शोधनिबंध आले. त्याच गटाने पार्श्वभूमीवरचा गोंगाट पाचपट कमी करून मोठा शोधक उभारला आणि २०२२ मध्ये स्वतःच सांगितले, अतिरेक नाही.

दोन्ही बाजू बरोबर असू शकतात का?

सिद्धांतकारांनी यासाठी बरीच वर्षे खर्ची घातली. कारण दोन प्रयोगांची तुलना थेट होत नाही. तिच्यामध्ये गृहीतके असतात.

पहिले गृहीतक कणाच्या वजनाचे. कॅरममध्ये सोंगटीने सोंगटीला टोला दिला तर समोरची जोरात सरकते, पण जड स्ट्रायकरला दिला तर तो जेमतेम हलतो. तसा हलका कृष्णकण सोडियमच्या हलक्या केंद्रकाला चांगला धक्का देईल, पण झेनॉनच्या जड केंद्रकाला हलवू शकणार नाही. म्हणजे तोच कण डामाला दिसेल आणि झेनॉनला नाही. जड कणाला मात्र ही पळवाट नाही. आयोडीन आणि झेनॉन यांची केंद्रके जवळपास सारख्याच वजनाची आहेत, त्यामुळे एकाला जे लागेल ते दुसऱ्यालाही लागले पाहिजे.

दुसरे गृहीतक धडकेच्या स्वरूपाचे. कण प्रोटॉन आणि न्यूट्रॉनशी वेगवेगळा वागत असेल, केंद्रकाच्या स्पिनवर अवलंबून असेल किंवा फक्त इलेक्ट्रॉनवरच आपटत असेल तर? तिसरे गृहीतक आकाशगंगेतील कृष्णद्रव्याच्या वेगांचे. हा वेगांचा नमुना गृहीत न धरता दोन प्रयोग थेट ताडून पाहण्याच्या पद्धतीही २०१० नंतर विकसित झाल्या.

या दुरुस्त्यांनी काही काळ मेळ बसला, पण दारे बंद होत गेली. इलेक्ट्रॉनवर आपटणाऱ्या कणांची शक्यता झेनॉन १०० ने २०१५ मध्ये तपासली आणि ती डामाशी जुळली नाही. हलक्या कणांचेही आकडे पुढे फसले. डामाने २०१८ मध्ये आणखी कमी ऊर्जेपर्यंतच्या नोंदी दिल्या. हलका कण असता तर तिथे चढउतार झपाट्याने वाढायला हवा होता. तो तसा वाढला नाही, त्यामुळे या कणाचे सर्वांत साधे रूप खुद्द डामाच्याच आकड्यांशी विसंगत ठरले.

तोच स्फटिक वापरून पाहिले तर?

गृहीतकांचा वाद मिटवायचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तोच पदार्थ घ्या, दुसरा डोंगर घ्या, दुसरी माणसे घ्या. हे सांगायला सोपे होते, पण डामाइतके शुद्ध स्फटिक बनवायलाच इतरांना वर्षे लागली.

दक्षिण कोरियात यांगयांग येथील भूमिगत प्रयोगशाळेत १०६ किलो सोडियम आयोडाइडचा ‘कोसाइन-१००’ प्रयोग २०१६ मध्ये सुरू झाला. स्पेनमध्ये पिरेनीज पर्वताखाली, एका जुन्या रेल्वे बोगद्याला लागून असलेल्या कानफ्रांक प्रयोगशाळेत ११२ किलोंचा ‘अनाइस’ २०१७ मध्ये सुरू झाला. दोघांनाही डामासारखा चढउतार दिसला नाही. अनाइसच्या सहा वर्षांच्या नोंदी डामाशी सुमारे चार सिग्माने विसंगत आहेत. कोसाइनच्या सहाहून अधिक वर्षांच्या नोंदींचा विरोधही तीन सिग्मापेक्षा जास्त आहे.

इथे कणाचा प्रकार, वेग, सिद्धांत काहीच गृहीत धरावे लागत नाही. पदार्थ तोच, महिने तेच आणि वाढ नाही. एक फट उरते ती प्रकाशाच्या मोजमापाची. सोडियमच्या केंद्रकाला बसलेल्या धक्क्यापैकी किती भाग प्रकाशात उतरतो, याचे डामाचे माप आणि नव्या चाचण्यांतील मापे जुळत नाहीत. हा फरक स्फटिकागणिक असेल, तर दोन प्रयोगांतील ‘एक किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट’ एकच असेलच असे नाही. म्हणून या गुणोत्तराची अचूक मोजणी हा आता स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे.

डामाला दिसले ते नेमके काय?

याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. पण एक संशय हिशेबाच्या पद्धतीवर आहे. डामा दरवर्षीच्या नोंदींची सरासरी काढतो, ती वजा करतो आणि उरलेल्या फरकात चढउतार शोधतो. आता समजा, एका पिंपात थेंबथेंब पाणी पडते आहे आणि पातळी सावकाश वाढते आहे. दरवर्षी त्या वर्षाची सरासरी वजा केली, तर वर्षाच्या सुरुवातीला उत्तर उणे येईल, अखेरीस अधिक येईल आणि नवे वर्ष लागताच पुन्हा उणे. पिंपात भरती-ओहोटी कधीच नव्हती, पण कागदावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटली आणि तिचा काळही बरोबर एक वर्ष. कारण कात्री आपणच वर्षावर चालवली.

स्फटिकातील गोंगाट वर्षागणिक सावकाश वाढत असेल, तर असे होऊ शकते, असा मुद्दा काही संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. कोसाइनच्या गटाने पुढे आपल्या नोंदींना डामाची पद्धत लावून पाहिली. चढउतार खरोखर उमटला, पण उलटा, कारण त्यांच्या स्फटिकातील गोंगाट काळानुसार कमी होत होता. डामाने हा आक्षेप फेटाळला आहे. मात्र डामाने आपली कच्ची आकडेवारी इतरांसाठी खुली केलेली नाही, ही जुनी टीका इथे पुन्हा महत्त्वाची ठरते. ती आकडेवारी हातात आली, तर हा एक मुद्दा तरी चर्चेऐवजी गणिताने सुटेल.

मुंबईच्या ‘टीआयएफआर’चा अनुभव काय सांगतो?

जमिनीखालील दुर्मीळ नोंदी आणि त्यांवरचे मतभेद आपल्याला नवे नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर प्रयोगशाळा चालवली. जपान आणि ब्रिटनमधील सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद तिथे झाली. ती जगातील पहिल्या नोंदींपैकी एक होती आणि ती टिकली.

त्याच खाणीत १९७० च्या दशकात काही विचित्र नोंदी मिळाल्या. अज्ञात कण विघटित होत असावा, असे त्यांचे स्वरूप होते. ‘कोलार घटना’ म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांना दुजोरा मिळालेला नाही. मात्र २०१४ मध्ये चेन्नईचे एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी त्यामागे कृष्णद्रव्याच्या कणाचे विघटन असू शकेल का, हा प्रश्न शोधनिबंधातून पुन्हा विचारला.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेच १४० टनांच्या शोधकाने प्रोटॉनचे विघटन दाखवणाऱ्या संभाव्य नोंदी मिळाल्याचे जाहीर केले. अमेरिकेतील ‘आयएमबी’ आणि जपानमधील ‘कामिओकांडे’ हे शोधक कित्येक पटींनी मोठे होते. त्यांना तसे विघटन सापडले नाही. आज प्रोटॉनच्या आयुष्याची किमान मर्यादा कोलारच्या अंदाजाच्या हजारपटीपलीकडे गेली आहे. कोलारची यंत्रणा किंवा माणसे कच्ची होती असे कोणी म्हणत नाही. न्यूट्रिनोची नोंद टिकली ती इतरांनाही ती मिळाली म्हणून आणि प्रोटॉनची गळाली ती इतरांना मिळाली नाही म्हणून. डामालाही याच कसोटीला उतरायचे आहे.

आता पुढे काय?

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातील स्टॉवेल सोन्याच्या खाणीत, सुमारे एक किलोमीटर खोलीवर ‘सेबर’ प्रयोग उभा राहतो आहे. त्याचे जुळे भावंड ग्रान सासोत आहे. दक्षिण गोलार्धात जूनमध्ये हिवाळा असतो. चढउतार हवामानामुळे असेल तर ऑस्ट्रेलियात तो उलटा दिसेल. कृष्णद्रव्यामुळे असेल तर तिथेही जूनमध्येच वाढेल, कारण पृथ्वीच्या वेगाला गोलार्ध ठाऊक नाही. ग्रान सासोतील ‘कोसिनस’ प्रयोग सोडियम आयोडाइडचा स्फटिक अतिशीत करून प्रकाशाबरोबर उष्णताही मोजणार आहे. त्यामुळे धक्का केंद्रकाला बसला की इलेक्ट्रॉनला, हे वेगळे ओळखता येईल.

भारतात झारखंडमधील जादुगुडा युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा २०१७ पासून आहे. तिथे हलक्या कृष्णकणांचा शोध घेणारा ‘इंडेक्स’ प्रयोग चालतो. भुवनेश्वरची ‘नायसर’ संस्था कॅनडातील ‘सुपर-सीडीएमएस’ प्रयोगात सहभागी आहे.

झेनॉनच्या मोठ्या टाक्यांपुढे आता नवी अडचण आहे. २०२४ मध्ये झेनॉन एनटी आणि पांडा-एक्स यांना सूर्यातून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या धडका जाणवू लागल्याची चिन्हे मिळाली. यंत्रे इतकी संवेदनशील झाली आहेत की, न्यूट्रिनोंचे धुके त्यांच्या आड येऊ लागले आहे. त्या धुक्यात एखादी खूण दिसली, तर ती कृष्णद्रव्याचीच आहे हे ठरवताना पुन्हा हेच प्रश्न विचारावे लागतील. कोणत्या पदार्थात दिसली, कोणत्या महिन्यात दिसली, सरासरी कशी काढली आणि दुसऱ्या कुणाला दिसली का?